खालचा लाल दोरा

गोधडी शिवताना सुरभीची मावशी गुणगुणायची, "हळू चाल गं सुई, बाळ निजलं बाई." देवळीहून वर्ध्याला निघालेल्या बसमध्ये पुढच्या बाकावर सासूसुनांनी मांडीवर नवी गोधडी पसरली आणि मागे बसलेल्या सुरभीला तो जुना आवाज आठवला.

"आई, आज बारसं आहे. अशी वाकडी गोधडी पांघरवू का मी ताईच्या बाळाले?"

"मी का करू? दोराच भिकार. काचेवानी हाय, मशिनीवर दिसतच नाई. आज त्या दुकानदाराच्या तोंडावर फेकतो."

"तो न दिसणाराच दोरा आहे. तुम्हीच मागतला होता."

"बरी वकील भेटली दुकानदाराले!"

"उलटी करून पाहा. वरचा दोरा दिसत नाई, कबूल. पण उलटून पाहता यावं म्हणून खाली बॉबीनमधी तं मी लाल भरून देल्ता. मंग लाल टाके काऊन भरकटले?"

"गाडी हलून राह्यली, शालू. नीट पाहू दे."

"शिवली तं घरीच ना? तवा कोणती गाडी हलत होती?"

सासूचं बोट लाल शिवणीवर टेकलं, जरा पुढं गेलं आणि शिवण सोडून कोऱ्या कापडावर फिरत राहिलं.

"आई?"

"मले लालही दिसून नाई राह्यलं, शालू. संक्रांतीपासून. सांगतलं तं तू मशीनच उचलून ठेवशीन."