भुरीचे सहा पाय

माझं गाव पाचोडच्या अल्याड, वाटंत बाभळी संपल्या की लागतं. आमची शेती होती, आजबी हाय, थोरले दोघं भाऊ करतेत, पण मला लहानपणापसून औतापेक्षा औताच्या नटबोल्टांचा नाद, वडील म्हणायचे हे पोरगं नांगर धरायचं सोडून नांगराच्या खाली काय बघत बसतंय, ह्याला शहरात धाडा. तसा मी शहरात आलो. तिथल्या गारखेडा भागात एका उस्तादाच्या हाताखाली वेल्डिंग शिकलो, पुढं तिथंच सोताचं पत्र्याचं शेड टाकलं, ऱ्हायला पुंडलिकनगरला. गाड्यांचे हौदे बांधायचे, चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा जोडायचा, ट्रॉल्या करायच्या, हेच काम. आणि एक आधीच सांगून ठिवतो, माझ्या वेल्डिंगला नाव ठिवलेलं मला खपत नाय. मंगल, म्हणजे आमची मंडळी, ती म्हणती तुम्हाला भाजी आळणी म्हणलेलं चालतं पण जोड वाकडा म्हणलेला चालत नाय. खरंच हाय ते.

तर भुरीचं विचारायले होते तुम्ही. भुरी म्हणजे जुनी पिकअप जीप, गोल बोनेटची, मागं माल भरायचा हौदा, रंग कधीकाळी पांढरा आसंल. ती म्हाळूआबांची. आबा आमच्याच गावचे, धनगर, मेंढरं राखतेत. दिवाळी झाली की ह्यांचा वाडा निघतो, वाडा म्हणजे घर नव्हं, मेंढरं, माणसं, कुत्री, कोंबड्या सगळं मिळून जो तांडा चालतो त्याला वाडा म्हणतेत, आणि मग गावोगाव लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखत रानाला, चारा मेंढरांला. पूर्वी बिऱ्हाड घोडीवर असायचं. त्या घोडीचं नाव भुरी. घोडी म्हातारी होऊन गेली, मग आबांनी ही जीप घेतली आणि ठकूकाकूंनी, म्हणजे आबांच्या मालकीणबाईंनी, तिला तेच नाव दिलं. लोक हसले, काकू म्हणल्या बिऱ्हाड वाहती ती भुरी, त्यात हसायचं काय हाय.

आता काय सांगू तुम्हाला, परसाल काकूंचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणला लांब चालायचं नाय. आणि काकू गाडीत बसल्या तर गाडीत जागा कुठं, पाण्याची टाकी ठिवली तर कोकरं बसत नायत, कोकरं घातली तर बिऱ्हाड ऱ्हातं, सगळं घातलं तर मागचे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, उताणे पडतेत. तान्ही कोकरं काय चालत नसतेत, त्यांना वाहूनच न्यावं लागतं. आबा माझ्या शेडवर आले, येऊन नुसते बसले, पाणी पिले, आणि म्हणले दिगू, ह्या दिवाळीला मेंढरं इकायची म्हणतोय. मी म्हणलं का ओ आबा. तर म्हणले ती येणार नसंल तर मी एकटा जाऊन काय करू. एवढंच बोलले. सगळा जनम दोघं संगं चाललेले, आता हे रान हिंडणार आणि ती घरी भिताडाकडं बघत बसणार, हे आबांना जमणारं नव्हतं. मी म्हणलं मेंढरं इकू नका, भुरीला आणखी दोन पाय लावू.

बोलून तर गेलो. सहा चाकं करायची म्हणजे चेसी मागं वाढवायची, मधून तोडून नाय हां, मागून लोखंडी चॅनल जोडून, आत पट्टी घालून, मग जुन्या बाजारातून आणखी एक एक्सल आणायचा, त्याला पाटे, त्याला ब्रेकची लाईन. आरटीओची परवानगी आधी काढली, ते बिनकागदाचं काम मी करत नाय. लेथवाले सलीमभाई आमचे जुने दोस्त, त्यांच्याकडं चाकांचे हब घिऊन गेलो तर म्हणले क्या दिगूभाई, गाडी बना रै की गोम बना रै. मी म्हणलं तुम्ही हब सारखे करा, गोमीचं मी बघतो. हौ, करता ना, म्हणले, आणि चहा सांगितला. इंजिनाचा जोर मधल्या चाकांना, म्हणजे पहिल्यापसून मागची होती ती आता मधली झाली, आणि नवीन मागची चाकं नुसती वजन घ्यायला. रंग दिला निळा. आबांची सून रेखा, गाडी तीच चालवती, लायसन हाय तिच्याकडं आणि हात आमच्यापेक्षा साफ, ती बघायला आली, भवताली एक चक्कर मारली आणि म्हणली भाऊजी, वळंल का ही. मी म्हणलं वळंल, जरा लांबून वळव. मनात म्हणलं आधी छान तर म्हण बाई.

निघायच्या दिवशी मीबी गावाला गेलो, मंगललाबी नेलं, मान आपलाच ना. भुरी आबांच्या दारात उभी, हौदा भरलेला, टाकी भरलेली, वर कोकरं, वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी ती बांधलेली, काकू पुढं नवं लुगडं नेसून बसायला तयार. गाडीपुढं भंडारा उधळला. चाकाखाली ठिवायला लिंबं आणली तर ती चारच. काकू म्हणल्या पाय सहा आणि लिंबं चार, दोन पायांनी काय पाप केलंय. पाचोडचा बाजार होता त्या दिवशी, एकाला फटफटीवर पिटाळलं, आणखी दोन लिंबं आली तवर समदं गाव जमलं. मला तर वाटायलं आपली मिरवणूकच निघायली.

आबांच्या दारापुढं सांडपाण्याची नाली हाय, थोडा खळगा. पुढची चाकं नालीच्या पल्याड चढावर, मागची नवीन चाकं अल्याडच्या बांधावर, आणि मधली बरोब्बर खळग्यावर. रेखानं गेर टाकला. पुढची दोन लिंबं फुटली नायत, मागची फुटली नायत, गाडी हललीच नाय. मधली चाकं गरगर गरगर नुसती फिरायली आणि त्यांच्याखालचं एक लिंबू सटकन उडून एका म्हाताऱ्याच्या धोतरावर जाऊन बसलं, चांगलं टणक, अखंड. कोकरं वरडायली, कुत्री भुकायली. आणि मग गावाला तोंड फुटलं. सहा पायाचं जनावर कुणी पाह्यलंय का, देवानं चारच दिलेत, लिंबू फुटलं नाय म्हणजे अपशकुन, औंदा जाऊ नका. आबांचं तोंड उतरलं. ते गाडीपसून लांब जाऊन उंबऱ्यावर बसले आणि म्हणले उतरवा कोकरं, नशिबातच नाय.

मला लई राग आला. लोकांचा आला, लिंबाचा आला, खरं तर सोताचाच आला. मी म्हणायलो जोड पक्का हाय, एक्सल पक्का हाय, कुणाला हात लावून बघायचाय त्यानं बघा. तवर काकू गुडघे धरत खाली उतरल्या, ते लिंबू म्हाताऱ्याकडून घेतलं, बोटांनी दाबून बघितलं, आणि मला म्हणल्या दिगू, अरे हे दबलंच नाय. म्हणलं व्हय काकू, दिसायलंय सगळ्यांना. तर म्हणल्या येड्या, अपशकुनाचं जाऊ दे, लिंबू दबलं नाय म्हणजे त्या पायावर वजनच नव्हतं. आम्ही घोडीवर दोन्हीकडं गठुडी टाकायचो ती पाठीवरनं एकमेकीला बांधायचो, एक खाली गेली की दुसरीला कळायचं. तुझ्या मधल्या चाकाला मागच्या चाकाचं काय कळतंय का.

काय सांगू, डोक्यात लख्ख पडलं. मी दोन्ही एक्सलांचे पाटे येगयेगळे बांधले होते, हा तिकडं तो इकडं, भावाभावांनी वाटण्या करून घेतल्यावाणी. मागचं चाक बांधावर चढलं की सगळा भार एकटंच घेतंय आणि मधलं, ज्याच्यात जोर हाय, ते लटकायलंय. आणि ह्याचा इलाज मी लहानपणापसून बघितलेला. आमचे वडील जू बांधायचे, एक बैल तगडा आणि एक लेचा आसंल तर जुवाचं दावं मधोमध नाय बांधायचे, तगड्याच्या बाजूला सरकवायचे. दोघंबी वढतेत, पण तगड्यावर जास्त पडतं. मी काकूंना म्हणलं मला चार दिवस द्या. काकू म्हणल्या जा, कोकरांना मी सांगते थांबायला.

कोकरं उतरवली, चौघांनी ढकलून गाडी नालीवरनं काढली आणि रेखानंच ती परत गारखेड्याला आणली. दोन्हीकडं एकेक जाड लोखंडी दांडा केला, मधल्या पाट्याचं मागचं टोक दांड्याच्या एका अंगाला, मागच्या पाट्याचं पुढचं टोक दुसऱ्या अंगाला, आणि दांडा चेसीला खुंटीवर झुलता, खुंटी मधोमध नाय, मधल्या चाकाकडं सरकवलेली. एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबतं. सलीमभाईंनी खुंट्या कातल्या, भाव केला नाय, फक्त म्हणले चलेगी तो फोन करना मियाँ, नै चली तो नक्को करना.

गावाला परत गेलो तवा मी म्हणलं सपाटीवर लावू या गाडी. काकू नाय म्हणल्या. त्याच नालीवर लावा, तिथंच आडली ना, तिथंच चालू दे. समदं गाव पुन्हा हजर, हसायला तयारच होते. बिऱ्हाड, कोकरं परत चढवली, सहा लिंबं मांडली, काकू पुढं बसल्या, रेखानं गेर टाकला. दांडा थोडा कलला, मी खाली वाकूनच होतो, मधलं चाक खळग्यात खाली उतरलं आणि टेकलं. मग फट, फट, फट. भुरी नाली वलांडून गेली. मंगलनं पळत जाऊन बघितलं, म्हणली सहाच्या सहा चिपाड. आबा उंबऱ्यावरनं उठले, काठी उचलली, शीळ घातली, आणि मेंढरं वाटंला लागली. जाताना नुसता माझ्या कपाळाला भंडारा लावला, आणि सांगतो तुम्हाला, मी रडलो, लोकांदेखत रडलो.

आता हा दुसरा हंगाम. काकूंचा फोन येतो, आज ह्या रानात, उद्या त्या रानात. परवा म्हणल्या दिगू, तुझी भुरी कुरकुर करती रे. म्हणलं खुंटीला ग्रीस भरा. तर म्हणल्या भरलं, आता भुरी गप झाली, कुरकुर माझ्या गुडघ्यांची ऱ्हायली, तिथं ग्रीस कुठून घालू. मागून आबांचा आवाज आला, तिला सांग, तिच्या वाटचं मी चालतोय, तिनं गपगुमान बसावं. मग दोघंबी हसायले, कोकरं वरडायली, आणि फोन ठिवता ठिवता काकू म्हणल्या, तुझं आणि मंगलचं असंच एका दांड्याला बांधलेलं ऱ्हाऊ दे, ज्याचा पाय लटकंल त्याला दुसऱ्यानं टेकवावं. मंगल बाजूलाच होती. ती म्हणली, ऐकलंत का, आणि चहा ठिवायला आत गेली.