नर्सबाईची चार पानं

लातूर नवा जिल्हा झाला, तरी दुष्काळात पाणी टँकरचंच. रांगेत पंचशीलाच्या मागं दोघी बोलत होत्या आणि ती कान देऊन ऐकत होती. सिंधूच्या हातात पुस्तक होतं, तर शेजारच्या कोंडाबाईच्या हातात दोघींच्या घागरी.

“परवा तर राजाचं वाचत व्हतीस.”

“ऐतिहासिक कादंबरी व्हती ती. तीनशे पानं राजा घोड्यावरच. घोड्याला पाणी कुणी पाजलं, ते लिहिलंच न्हाई.”

“आन् त्याच्या आधीचं? ते जुनं, जाडजूड?”

“त्यातली बाई लई रडती. पण भाषा अशी गोड, की मीबी रडले.”

“मग हे?”

“मिशनच्या दवाखान्यातून आणलं. ख्रिस्ती नर्सबाईची गोष्ट हाय. गावात पटकी आलीय, सगळे पळालेत, ही एकटीच राहिलीय. उपदेश जरा जास्त हाय, पण बाई खरी वाटती.”

“जगती का ती?”

“चार पानं राहिलीत, काकू.”

“अगं, नंबर आला आपला! ठेव ते!”

“थांब की जरा.”

“टँकर थांबतोय व्हय? बरं... जगती का, तेवढं बघ.”

पंचशीलाची घागर भरली होती. ती बाजूला ठेवून तिनं कोंडाबाईच्या हातातल्या दोन्ही घागरी ओढून घेतल्या.

“मी भरते. ताई, तुम्ही मोठ्यानं वाचा.”