हात तू जोड

लायसन्सच्या परीक्षेला आलेल्यांच्या बाकावर एक म्हातारा ट्रकवाला बसला होता. शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं आपसूक त्याच्या कानावर पडत होतं.

"ताई, आज पास झाले ना, तर सोमवारपासून शाळेची व्हॅन माझी! मग मी नि पोर आमच्या वेगळ्या खोलीत. दिराच्या दारात एक दिवस राहायची नाही!"

"अगं, हळू! गेल्या वेळी काय दिवे लावलेस?"

"चढावर गाडी मागे सरकायला लागली. मला देवच आठवला."

"मग?"

"मग काय, डोळे मिटले नि हात जोडले."

"दोन्ही? स्टिअरिंग सोडून?"

"एका हाताने नमस्कार होतो का कुठे?"

"धन्य आहेस! साहेब काय म्हणाले?"

"ते माझ्याआधीच देवाचा धावा करत होते."

"आणि आज गं?"

"महिनाभर त्याच चढावर घाम गाळलाय. आता झोपेतसुद्धा पाय ब्रेकवर जातो!"

"म्हणजे देवाला सुट्टी?"

"छे! तो हवाच."

तेवढ्यात पुकारा झाला. धाकटी ताडकन उठली.

"ताई, हात तू जोड. माझे दोन्ही स्टिअरिंगवर असणार!"

गाडी चढाला लागली. ताईने हात जोडले. ट्रकवाल्यानेही मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले.