फोरमनची तोंडी परीक्षा

...नापास! मी! आणि कशात? इंग्रजीत! अहो, तुम्हाला सांगतो, सौदीत किंग अब्दुल्ला सिटीच्या बंदरावर सहा वर्षं पंप बसवतोय मी, आत्ता कुठे फोरमनची जागा निघाली, इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, फोरमन लागलं की बायकोला, शेवंताला, इकडे आणता येणार, तिने चिपळूणला बॅगसुद्धा घेऊन ठेवली... आणि परीक्षा घ्यायला कोण? रियाधच्या ऑफिसातला यतीनसाहेब! आपलाच मराठी माणूस! बोट दाखवून विचारतो, "मिस्टर गुणाजी, व्हॉट इज धिस?" म्हटलं, माऽदा. "माऽदा? इट्स मोटर!"

अरे बाबा, माझे इंजिनिअर लिऊसाहेब, चिनी! त्यांच्यात मोटर म्हणजे माऽदा, पंप म्हणजे बंग, सोफ्याचा शाफा, कॉफीची काफेई! घेतले इंग्रजांकडून, पण ठोकूनठाकून आपल्या जिभेला बसवले! ट्रकचं ऐका... 'कार'मधला 'का' उचलला, त्याला घरची 'छ' जोडली, 'छ' म्हणजे गाडी, झाला काछ! कुणाला विचारलं? कुणाला नाही! शब्द काय कुणाच्या बापाचा असतो?

यतीनसाहेब म्हणतो, "धिस इज नॉट इंग्लिश." नसू दे! तू घरी टमरेल म्हणतोस, तो टंबलरच ना रे? पलिस्तर म्हणतोस, तेव्हा कुठला गोरा रडत येतो? माझ्या माऽदाने आख्खं बंदर चालतंय! शब्द काय कुणाच्या बापाचा असतो?

पण नाही. लिहिलं, "प्रोनन्सिएशन पुअर." आता त्या कागदावर लिऊसाहेबांची सही पाहिजे. यतीनसाहेब दहा मिनिटं काय ते गुळगुळीत इंग्रजी बोलला... लिऊसाहेब आपले हसतायत, "ओके, ओके," आणि पेन काही उचलत नाहीत! कळलंच नाही हो त्यांना! मग साहेब वळला माझ्याकडे, आणि एकदम मराठीत, "गुणाजी, जरा समजावून सांगा ना यांना." म्हटलं, काय सांगू? "हेच... की तुम्ही नापास."

पास झालो म्हणून सांगितलं असतं तर कळणार होतं कुणाला? पण सहा वर्षांत लिऊसाहेबांना एक शब्द खोटा सांगितला नाही मी. सांगितलं, आमच्या त्याच माऽदा-बंगच्या भाषेत. त्यांनी डोळे मोठे करून पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मान हलवत हलवत केली बिचाऱ्यांनी सही.

यतीनसाहेब काय खूश! माझा हात हातात घेऊन म्हणतो, "व्हेरी क्लिअर, मिस्टर गुणाजी! व्हेरी क्लिअर!"

म्हटलं, हो साहेब... बायकोलाही आता असंच क्लिअर सांगतो.