राखेच्या बुधवारचा पंख

कार्निवल संपला होता. राखेच्या बुधवारी चर्चमधून कपाळावर राख लावून आलेली मर्लीन पोर्ट ऑफ स्पेनच्या टॅक्सीच्या रांगेत उभी होती. दोन दिवस नाचून तिचे पाय नुसते ठणकत होते. पुढे एक म्हातारा आणि त्याची भाची. भाचीच्या खांद्यावर गटाराकाठून उचललेला, कार्निवलच्या पोशाखाचा तारेचा भलामोठा पंख.

"टाक तो, जिझेल. नाचून झालं की पंख रस्त्यावरच सोडायचा असतो."

"प्रदर्शनात मांडणार आहे, मामा. आपला वारसा म्हणून."

"वारसा म्हणे! जन्मभर तारा वाकवल्या मी, एक पंख घरी नेला नाही. खाली नाव कुणाचं लावणार?"

"तुझंच."

"हं. पण यंदा पंख झकास झाले हो. एवढं नाचले, एक गाठ सुटली नाही. बघू इकडे... हा पीळ उजव्या हाताचा आहे. मी डावखुरा."

"माझा आहे तो."

"आणि हा?"

"तोही. तू घरी गेलास की तुझ्या गाठी सोडून मी पुन्हा बांधायचे. ढिल्या राहत होत्या, मामा."

"सगळ्या?"

"सगळ्या."

रांग पुढे सरकली. म्हातारा जागचा हलला नाही. मर्लीनही त्याच्यामागे थांबून राहिली.

"मला वाटलं, यंदा बोटं सुधारली."

"माहितीय."

"त्याच भरवशावर काल नाचाच्या बँडवाल्यांना पुढच्या वर्षीच्या पंखांचा शब्द देऊन बसलो मी."

"माहितीय, मामा. शेजारीच तर उभी होते."