निळ्या फुलांची बशी

राव, माझ्या बायकोला, सुनीताला, कुणी हसलं तर मी गप बसतो. पुढं काय व्हतं ते मला ठाऊक असतंय.

आमच्या नर्सरीत ती डाळिंबाच्या रोपाला पाणी घालते, पिशवीतनं निथळलेलं पाणी निळ्या फुलांच्या बशीत धरते आन् मीटर बुडवून खताचा अंदाज घेते. शेजारचा नर्सरीवाला किसन म्हणायचा, "वहिनी, रोपाची शुगर किती आली?"

मग त्याचीच रोपं करपायला लागली. टॉवेलाखाली रोपाची पिशवी झाकून आमच्याकडं आला. सुनीतानं तपासून सांगितलं, "भाऊ, खत लई झालंय. आता नुसतं पाणी द्या." रोपं वाचली.

परवा त्याच्याकडं गेलो, तर गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगत व्हता, "तपासल्याबिगर आमी खत घालतच न्हाई!"

मी गपच बसलो. त्याच्या रोपाच्या पिशवीखालची निळ्या फुलांची बशी आमचीच व्हती.