आत काहीच ठेवू नका!

आणि म्हणे रस्ता मेला! अहो, रस्ता आपणहून मरतो का कधी? त्याला उपाशी मारलं! तुम्हाला सांगतो, दुकानासमोरच्या त्या तीन मजली दगडी इमारतीत कोर्ट होतं, ते उचलून नेलं बायपासला, आणि आठ दिवसांत आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकेना. मी शिंपी. एकवीस वर्षं वकिलांचे काळे कोट शिवले. त्या महिन्यात शिवलं काय, तर एक उशीचा अभ्रा... तोही घरचाच! वहीत आहे, तारखेसकट.

मेहुणा रोज डोकं खायचा. "दाजी, मशीन उचला, बायपासला चला, नाहीतर माश्या मारत बसाल." अरे, माश्या तरी कुठे होत्या? चहावाल्यानंच दुकान बंद केलेलं!

मग नगरपालिकेची सभा. इमारतीत वाचनालय करणार, गाण्याचे, नाचाचे वर्ग भरवणार. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि नकाशावाले साहेब काय म्हणाले? "लोकांची गैरसोय नको. कँटीन आतच, झेरॉक्स आतच, शिंपीसुद्धा आतच!"

शिंपी?... मी उठलोच! म्हटलं, "साहेब, लोक गाडीतून उतरणार, आत शिरणार, परत गाडीत बसणार. आम्ही काय दारात उभं राहून टाटा करायचा?"

"काही पुरावा आहे तुमच्याकडे?"

मला विचारतात! नऊ वर्षांच्या वह्या ठेवल्या पुढ्यात. कोर्टाचं कँटीन दुरुस्तीला सोळा दिवस बंद होतं, वाचा! चहावाल्याकडे रांग, चप्पल शिवणाऱ्याकडे रांग, माझ्याकडे रांग. का? चहाला बाहेर पडलेल्या माणसाला आपलं बटण तुटल्याचं आठवतं, साहेब, आत बसलेल्याला नाही आठवत! वहीत आहे, तारखेसकट!

साहेबांनी चष्मा पुसला, पानं उलटली, आणि कँटीन खोडलं. झेरॉक्स खोडलं. शिंप्यावर काट मी स्वतः मारली!

आता बघा गल्ली! चहावाला परतला, नाचाच्या वर्गाचे झगे माझ्याकडे, आणि मेहुणा? इथेच गाळा शोधतोय, मिळत नाही! फक्त एक झालं... मुलं आत गेली की घरच्यांनी थांबायचं कुठे? आत काहीच नाही ना! माझ्याकडे. सहा आया, दोन आजोबा. "मास्तर, शिलाई वाकडी जातेय हं." "मास्तर, पंखा वाढवा." बोलणार कुणाला? गिऱ्हाइकंच सगळी! दुकान वाचलं हो, पण माझ्या स्टुलावर आजोबा बसतात... मी आता पायमशीन उभ्यानं चालवायला शिकलोय.